मानपत्रावर दोन नावे

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार 1969-70 या वर्षापासून दिला जातो. राज्य स्थापन होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती, मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार आठ वर्षांचा होता. इतकी वर्षे चाललेला पुरस्कार हळूहळू एखाद्या संस्थेसारखा वागू लागतो. त्याला नियमावली येते, नामांतरे होतात, वाद होतात, तारखा हुकतात, थकबाकी साठते. आणि एवढे सगळे होऊनही ज्या घरात त्याचे मानचिन्ह आहे, त्या घराची गावातली ओळख बदलून जाते.

त्या संस्थेचा सगळा इतिहास या लेखात मावणार नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांचे मानकरी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिणारेही पुष्कळ. मी मैदानी खेळांपुरते, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी यांपुरतेच लिहितो आहे, आणि त्यातही धावपटूइतकेच त्याच्या मार्गदर्शकाकडे पाहतो आहे. कबड्डीपटूला संघ असतो, प्रेक्षक असतात, अख्खी गल्ली पाठीशी असते. चारशे मीटर पळणाऱ्या मुलीला बहुधा एकच माणूस असतो, हातात स्टॉपवॉच घेऊन रेषेवर उभे असलेले तिचे सर. त्या सरांची नोंद राज्याने कशी ठेवली, हा मला या इतिहासातला खरा प्रश्न वाटतो.

गोष्ट सुरू होते पुरस्काराच्या पन्नास वर्षे आधी, पुण्यात. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांच्या वेळी अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. पळायला आलेल्यांत शेतकऱ्यांची मुले बरीच होती. पायात काही नाही, पळण्याचे शास्त्र कोणी शिकवलेले नाही, पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थक्क झाले. युरोपातल्या धावपटूंच्या वेळांपासून त्या फार लांब नव्हत्या. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड त्या स्पर्धांना आले होते. त्यांच्यापाशी दोराबजींनी विषय काढला, की ही मुले पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकला का जाऊ नयेत? त्यातून निधी उभा राहिला आणि 1920 मध्ये अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघातून मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. त्यांची वेळ 2 तास 50 मिनिटे 45 सेकंद. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त, 42.75 किलोमीटरची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेळेचे वजन कळते.

टाटांचे नाव झाले आणि ते योग्यच झाले. त्यांच्याशिवाय संघ गेलाच नसता. चौगुल्यांचे नाव निकालाच्या तक्त्यात राहिले. पैसा देणारा आणि पळणारा, दोघांनाही इतिहासात जागा मिळाली. शिकवणारा मात्र या चित्रात कुठेच नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही रिकामी जागा पुढेही बराच काळ रिकामीच राहिली.

गौरवाला उशीर होणे हीही जुनीच सवय. वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांचे उदाहरण घ्या. 1951 साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत 200 मीटरला त्यांना कांस्यपदक मिळाले आणि रिलेत रौप्य. त्याच स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटोंनी 100 आणि 200 मीटर, दोन्ही सुवर्णपदके घेतली. पुढल्या वर्षी मेरी हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या. ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या भारतीय महिला खेळाडूंत त्यांचे नाव येते. प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांची स्पर्धा ठेवून ते जमवले. 1954 मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत 4×100 मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींतही त्या होत्या. आणि केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना कधी मिळाला? 2013 साली. हेलसिंकीनंतर 61 वर्षांनी. मनिलाच्या त्याच रिलेतल्या स्टेफी डिसूझा नशिबाच्या थोड्या बऱ्या. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत 200 मीटरचे रौप्य मिळाले, 1963 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर 1964 च्या ऑलिंपिकमध्येही त्या पळाल्या. पळत असतानाच मान मिळाला, असे मैदानी खेळांत क्वचितच होते.

शिवछत्रपती पुरस्कार सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. राज्याच्या खेळाडूला दिल्लीकडे डोळे लावून बसावे न लागता आपल्या राज्यातच आणि खेळण्याच्या वयातच मान मिळावा, हे त्याचे साधे मोल. मानचिन्ह, मानपत्र आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप राहिले. पुढे त्याच छत्राखाली आणखी पुरस्कार आले. दिव्यांग खेळाडूंसाठी एकलव्याच्या नावाचा, महिला मार्गदर्शकांसाठी जिजामातांच्या नावाचा, आणि आयुष्यभराच्या कामासाठी जीवनगौरव.

मार्गदर्शकांच्या पुरस्काराची कहाणी वेगळी आणि थोडी अडचणीची आहे. तो बराच काळ दादोजी कोंडदेव यांच्या नावाने दिला जात होता. दादोजी आणि शिवराय यांच्या नात्यावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्यानंतर पुरस्काराचे ते नाव गेले आणि मार्गदर्शकही शिवछत्रपतींच्या नावाखाली आले. त्या वादात मला शिरायचे नाही. पण त्यातून एक चांगली गोष्ट घडली असे मला वाटते. आता खेळाडूला आणि त्याच्या गुरूला मिळणाऱ्या मानाचे नाव एकच आहे. केंद्रात तसे नाही. तिथे शिष्याला अर्जुन आणि गुरूला द्रोणाचार्य. ठाण्याच्या क्रीडागृहाला मात्र दादोजींचेच नाव आहे, आणि आपल्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातली मुले जिल्ह्याच्या स्पर्धांविषयी बोलताना अजूनही ‘दादोजीला जायचंय’ असेच म्हणतात.

एक बारीकशी सवलत आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुरस्कारविजेत्यांना एसटीने मोफत प्रवास करता येतो. शहरातल्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण मैदानी खेळातला आपला मानकरी बहुतेक वेळा अशा गावचा असतो, जिथे तालुक्याला जायचे तर एसटीच लागते. मानचिन्ह कपाटात राहते. पास खिशात राहतो आणि दर प्रवासात कंडक्टरला दाखवावा लागतो. मला वाटते, पुरस्काराचा खरा प्रचार तिथेच होतो.

आता पुरस्काराच्या दुखऱ्या बाजूकडे वळू. 2023 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीला जो सोहळा झाला, त्यात 2019-20, 2020-21 आणि 2021-22 अशा तीन वर्षांचे पुरस्कार एकदम देण्यात आले. करोनाचे कारण त्यात होतेच. पण वर्षे साठवून एकत्र सोहळा करण्याची रीत करोनाने शिकवलेली नाही. धावपटूचे उमेदीचे वय आठ-दहा वर्षांचे. त्यातली तीन वर्षे मान फाइलीत पडून राहिला, तर तो मिळेपर्यंत गुडघा गेलेला असतो किंवा नोकरी लागलेली असते. त्याच सोहळ्यात रक्कम वाढवल्याचे जाहीर झाले, जीवनगौरव 3 लाखांवरून 5 लाख आणि बाकीचे पुरस्कार 1 लाखावरून 3 लाख. वाढ भरघोस आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण धावपटूला विचाराल तर तो सांगेल की पैसे वाढले नसते तरी चालले असते, तारीख पाळा.

त्या सोहळ्यात 2021-22 चा जीवनगौरव आदिल सुमारीवाला यांना मिळाला. मुंबईचा हा वेगवान धावपटू 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 100 मीटर धावला, त्याला 1985 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचे अध्यक्षपदही त्याने भूषवले. धावपटू म्हणून आणि संघटक म्हणून, दोन्ही बाजूंनी मैदान पाहिलेला असा माणूस विरळाच. मात्र आपल्या ठाणे जिल्ह्याच्या वाचकाने त्याच यादीतले 2019-20 चे नावही पाहावे, ठाण्यात बॅडमिंटनच्या पिढ्या घडवणाऱ्या श्रीकांत वाड यांचे. खेळ मैदानी नाही, हे खरे. पण आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला राज्याचा क्रीडाक्षेत्रातला सर्वोच्च मान मिळाला आणि तो ठाण्यात आला, हे आपण विसरता कामा नये.

पुरस्कारासाठी अर्ज करावा लागतो. तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत जातो, कामगिरीला गुण दिले जातात, कागदपत्रे तपासली जातात. स्वतःच्या गौरवासाठी स्वतःच अर्ज करायचा, ही गोष्ट अनेकांना खटकते. मला त्यात गैर वाटत नाही, कारण अर्ज नसेल तर ओळखीपाळखीची वाट मोकळी होते आणि ती त्याहून वाईट. अडचण आहे ती गुणांत. मार्गदर्शकाचे गुण शिष्यांच्या पदकांवर ठरतात, आणि पदके मोठी तितके गुण मोठे. मैदानी खेळात मोठे पदक जिंकेपर्यंत मुलगी गावच्या सरांकडून तालुक्याच्या सरांकडे, तिथून भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे साईच्या केंद्रात आणि शेवटी राष्ट्रीय शिबिरात पोहोचलेली असते. शेवटच्या प्रशिक्षकाच्या हातात पदक पडते. ज्याने तिला प्रथम चुन्याच्या रेषेवर उभे केले, तो यादीच्या बाहेरच राहतो.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. गेल्या पंधरा वर्षांतले महाराष्ट्राचे सगळ्यात मोठे धावपटू घ्या, म्हणजे हा पेच किती खोल आहे ते दिसेल.

पहिले नाव अर्थातच कविता राऊतचे. नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातला सावरपाडा हा आदिवासी पाडा. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव वर्तमानपत्रांनी दिले आणि ते चिकटले. पळायला पैसे लागत नाहीत आणि अनवाणीही पळता येते, म्हणून तिने धावणे निवडले. साईचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी नाशिकमध्ये तिला घडवले. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्य तिने जिंकले. राष्ट्रकुलात ट्रॅकवरचे वैयक्तिक पदक त्याआधी भारताला मिळाले होते 1958 मध्ये, कार्डिफला, मिल्खासिंग यांना. म्हणजे 52 वर्षांनी. आणि भारतीय महिलेला तर पहिल्यांदाच. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरला रौप्य आणि 5,000 मीटरला कांस्य. 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार. विजेंद्रसिंग यांच्याकडेच पुढे संजीवनी जाधव तयार झाली आणि 2017 च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने 5,000 मीटरचे कांस्य घेतले. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेचे मैदान या सगळ्या काळात लांब पल्ल्याच्या धावपटूंचे माहेर झाले होते. एका माणसाने एका गावात टिकून काम केले की काय होते, याचे महाराष्ट्रातले हे सगळ्यात ठळक उदाहरण. हा माणूस महाराष्ट्रात जन्मला नव्हता, हेही लक्षात ठेवावे. राज्याचा गौरव म्हणताना ‘राज्याचा’ कोणाला म्हणायचे, याचे उत्तर जन्मदाखल्यात शोधू नये.

दुसरे नाव ललिता बाबरचे. साताऱ्याच्या माण तालुक्यातले मोही हे तिचे गाव. माण म्हणजे दुष्काळी. पाऊस कमी, चढ-उतार जास्त. आधी खो-खो, मग लांब पल्ल्याचे धावणे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने 2012, 2013 आणि 2014 असे सलग तीनदा पहिले येऊन दाखवले. मॅरेथॉनची धावपटू म्हणून ती स्थिरावली असतानाच बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांनी तिला 3,000 मीटर स्टीपलचेसकडे वळवले. ही शर्यत विचित्र आहे. साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळायचे, त्यात 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याची उडी. अडथळा हलत नाही, पडत नाही. पाय अडकला तर पडायचे ते आपणच. पाण्यातून बाहेर पडताना बूट जड होतात आणि लय मोडते. लांब पल्ल्याचा दम आणि अडथळेवाल्याची नजर, दोन्ही लागतात. 2015 मध्ये वुहानला ललिता आशियाई विजेती झाली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत 9:19.76 असा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली ती 1984 च्या पी. टी. उषानंतर प्रथमच. अंतिम फेरी 15 ऑगस्टला होती. ललिता दहावी आली. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

इथे प्रश्न असा पडतो की ललिताचा मार्गदर्शक कोण म्हणायचा? खो-खोच्या मैदानावरून तिला धावण्याकडे नेणारा, मॅरेथॉनमध्ये पाय घट्ट करणारा, की स्नेसारेव? सगळेच. पण मानपत्रावर एवढी जागा नसते.

तिसरे नाव अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा. शाळेत जाण्या-येण्याला रोज मैलोगणती चाल. बारावीनंतर सैन्यात भरती, पाच महार रेजिमेंट, मग सियाचीन, राजस्थानचे वाळवंट, सिक्कीम. खेळाडू म्हणून त्याची सुरुवात सैन्यातच झाली, तीही क्रॉस-कंट्रीपासून, आणि वीस वर्षांचा झाल्यावर. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसला आणले. 2018 मध्ये त्याने गोपाळ सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि त्यानंतर स्वतःचाच विक्रम वारंवार मोडत राहिला. मधल्या काळात त्यालाही स्नेसारेव यांचे प्रशिक्षण मिळाले होते. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी ते पुन्हा भारतात आले आणि मार्च 2021 मध्ये पतियाळाच्या वसतिगृहातल्या आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. माण आणि आष्टी या महाराष्ट्राच्या दोन दुष्काळी तालुक्यांतल्या धावपटूंना घडवणारा हा परदेशी माणूस गेला, तेव्हा आपल्या मराठी वर्तमानपत्रांत त्याला फार जागा मिळाली नाही.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशने 8:11.20 अशी वेळ देऊन रौप्य घेतले. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. 1998 पासूनच्या सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचे धावपटू घेत आले होते. ती साखळी आष्टीच्या मुलाने तोडली. राज्य शासनाने त्याला 30 लाखांचे बक्षीस दिले, आणि त्या वेळच्या निर्णयात पदकविजेत्यांच्या मार्गदर्शकांसाठीही वेगळी रक्कम ठेवली होती. ही रीत मला शिवछत्रपती पुरस्काराइतकीच महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत अविनाशने 8:19.50 या स्पर्धा-विक्रमासह सुवर्ण जिंकले. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 हा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरीही गाठली.

तिघांची गावे नकाशावर पाहा. सावरपाडा, मोही, मांडवा. एकाही गावात चारशे मीटरचा ट्रॅक नव्हता. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले. तिथे 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि 2013 मध्ये आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा. संकुल उत्तम आहे, सोहळ्यालाही शोभते. पण धावपटू बालेवाडीला पोहोचतात ते घडून झाल्यावर.

घडवण्याचे काम कसे चालते ते पाहायचे असेल तर सर्वेश कुशारेची उंच उडी बघा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने पाठीवर पडून आडवी काठी ओलांडण्याची रीत जगाला दाखवली. तेव्हापासून उंच उडी म्हणजे पाठीवर पडणे. पाठीवर पडायचे तर खाली जाड मऊ गादी हवी. वाळूच्या खड्ड्यात ही उडी शिकता येत नाही, मान मोडेल. ती गादी महाग असते आणि खेड्यातल्या शाळेला परवडत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या शाळेत क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा जमवून तिची सोय केली, आणि त्यावर सर्वेश उड्या मारायला शिकला. तो पॅरिस ऑलिंपिकला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून तो सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. मार्गदर्शकांच्या पुरस्कारासाठी कोणते काम मोजायचे असे मला कोणी विचारले, तर मी मक्याच्या त्या गादीकडे बोट दाखवीन.

एकलव्य पुरस्काराच्या बाजूलाही मैदानी खेळांची कामगिरी मोठी आहे. सांगलीच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य जिंकले. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातला दिलीप गावित हांगझूच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचा सुवर्णविजेता झाला. दिव्यांग गटाबाहेर, मुंबईची ऐश्वर्या मिश्रा हांगझूच्याच आशियाई स्पर्धेत 4×400 मीटर रिलेत रौप्यपदकाच्या संघात होती. शहरी नावे अशी अधूनमधून येतात. यादी मात्र अजून खेड्यांचीच आहे.

मग आपण कुठे आहोत? बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येते. इथल्या शाळेतली मुलगी तालुक्याला पहिली आली तर ठाणे जिल्ह्याच्या स्पर्धेला जाते, तिथून मुंबई विभागाला आणि मग राज्याला. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. सिंथेटिक ट्रॅकवर सराव करायचा म्हणून नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कला जायचे ठरवले, तर सरावापेक्षा लोकलमध्येच जास्त वेळ जातो आणि तोही उभ्याने. सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याला किंवा उल्हास नदीच्या कडेने जी मुले-मुली पळताना दिसतात, त्यांतली बरीच जण पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांना 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मैदानी चाचणीचे गुण 50. या तयारीला कोणी ॲथलेटिक्स म्हणत नाही. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मैदानी खेळांचा सगळ्यात मोठा वर्ग हाच आहे, आणि त्यांना पहाटे पाचला शिट्टी वाजवून उठवणारी माणसेही आहेत. कोणी निवृत्त हवालदार, कोणी शाळेचे पी.टी.चे सर, कोणी भरतीत दोनदा राहिलेला आणि आता इतरांना पास करणारा. या वर्गात एखादी मुलगी 800 मीटर इतक्या सहज पळते की शिट्टीवाला थबकतो. तो तिला भरतीपुरते न थांबवता जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

पाठवले तरच ती यादीच्या वाटेला लागते. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. 2005 पासून ते लागू आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा लागते, आणि स्पर्धेला नेणारा माणूस लागतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या भागातल्या शाळा, महाविद्यालये आणि मंडळांना माझी दोन मागणी-पत्रे आहेत असे समजा. पहिले: विजेत्यांची नावे लिहिलेला फलक बहुतेक शाळांच्या कार्यालयाबाहेर असतो. त्यावर यापुढे खेळाडूच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, शिकवणाऱ्याचे नाव लिहा. जुन्या फलकांतली नावेही माहीत असलेल्यांनी सांगून पुरी करून घ्या. ती माणसे अजून आपल्यात आहेत तोवर हे काम सोपे आहे. दुसरे: आपल्या धावपटूंच्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा सगळ्या पातळ्यांवरच्या प्रमाणपत्रांच्या प्रती शाळेत एका फाइलीत ठेवा, प्रत्येकीवर वर्ष, प्रकार आणि मार्गदर्शकाचे नाव घाला, आणि पुरस्कारांचे अर्ज निघाले की ती फाइल घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा. खेळाडूने अर्ज केला आणि त्याच्या सरांनी संकोचाने केला नाही, असे होत असेल तर सरांचा अर्ज शाळेने भरावा.